वाचक विचारतात : पेडलचं पहिलं किट

गिटारचं इफेक्ट पेडल (आवाज बदलणारा, पायाने चालू-बंद करायचा छोटा डबा) किट आणून घरी जुळवण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडली आहेत. एकच अडचण अनेकांनी लिहिली होती, तिथे उत्तर जरा सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : चार वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय, सोल्डरिंग कधीच केलेलं नाही. मला डिले (वाजवलेला आवाज थोड्या उशिराने पुन्हा ऐकवणारं पेडल) हवा आहे, म्हणून डिलेचंच किट घ्यावं असं वाटतं. मित्र म्हणतो, आधी फझ (आवाज खरखरीत, फाटलेला करणारं पेडल) कर. कोणाचं ऐकू?

उत्तर : मित्राचं ऐका, पण त्याच्याही एक पायरी खालून सुरुवात करा. पहिलं किट एका ट्रान्झिस्टरच्या बूस्टरचं, म्हणजे आवाज नुसता मोठा करणाऱ्या पेडलचं घ्या. त्यात चार-पाच रेझिस्टर, दोन-तीन कपॅसिटर, एक ट्रान्झिस्टर आणि एक पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर), एवढाच ऐवज असतो. त्यानंतर फझ किंवा ओव्हरड्राइव्ह (आवाज फझपेक्षा सौम्य फाडणारं पेडल), मग डिले.

डिलेचं किट जुळवणं अवघड नसतं. छापलेल्या जागी पाय घालायचे आणि सोल्डर करायचं, हे दहा भागांना जसं तसंच पन्नास भागांनाही. अवघड असतं ते पेडल वाजलं नाही तर चूक शोधणं. बूस्टरमध्ये चूक लपायला जागाच नसते. पीटी२३९९ चिपच्या डिलेमध्ये मात्र मूळ आवाजाची वाट वेगळी, उशिराने येणाऱ्या आवाजाची वेगळी, चिपला पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर आणखी वेगळा. पहिल्याच खेपेला एवढं उलगडत बसलात तर किट कपाटात जातं आणि तिथेच राहतं.

फझ घ्यायचाच असेल तर १९६६ मध्ये आलेल्या फझ फेसच्या धर्तीचं किट घ्या. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. मूळ सर्किट एवढंच आहे. सिलिकॉनचे एनपीएन ट्रान्झिस्टर असलेलं निवडा. जर्मेनियमच्या पीएनपी ट्रान्झिस्टरचं जुन्या पद्धतीचं सर्किट असेल तर त्यात ग्राउंडला (सर्किटच्या सामायिक वायरीला) बॅटरीचं धन टोक जातं. ते पेडल इतर पेडलांबरोबर एकाच अॅडॉप्टरवर जोडलं की अॅडॉप्टर शॉर्ट होतो. शिवाय जर्मेनियम उष्णतेला फार हळवं. खोली तापली की आवाज बदलतो. त्याची हौस नंतर करा.

किट घेण्याआधी त्याची सूचनापुस्तिका मिळवून वाचा. बोर्डावर भागांचे आकडे छापलेले आहेत का, फुटस्विच आणि जॅकच्या वायरिंगचं स्पष्ट चित्र आहे का, आणि ट्रान्झिस्टरच्या किंवा चिपच्या कोणत्या पायावर किती व्होल्ट यायला हवेत याचा तक्ता आहे का, हे बघा. तक्ता देणारे थोडे असतात. दिला असेल तर ते किट डोळे मिटून घ्या. डब्याला भोकं पाडलेली असतील तर अधिक चांगलं.

प्रश्न : घरात १०० वॉटचं सोल्डरिंग आयर्न आहे. ते चालेल का? आणखी काय लागेल?

उत्तर : ते जाड पत्र्याच्या कामाचं. बोर्डावर लावलंत तर तांब्याचा पातळ थर उचकटून येईल. साधं असेल तर २५ ते ४० वॉटचं घ्या. तापमान लावता येणारं असेल तर ३५० अंश सेल्सिअसवर ठेवा. बिट (आयर्नचं तापणारं टोक) छिन्नीसारखं, दोन-अडीच मिलिमीटर रुंद हवं. नवशिके सुईसारखं टोकदार बिट घेतात आणि उष्णता पोचत नाही म्हणून तेच दाबत बसतात.

सोल्डरची तार ०.७ किंवा ०.८ मिलिमीटरची, आत राळ असलेली. कथील आणि शिसं ६३-३७ प्रमाणात असलेली तार १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे हात शिकेपर्यंत ती सोयीची. बिनशिशाची साधारण २१७ अंशांपुढे वितळते. तिच्यासाठी आयर्न थोडं जास्त तापवावं लागतं. नळकामाचं अॅसिडचं फ्लक्स (सोल्डर धरावं म्हणून लावायचं रसायन) चुकूनही वापरू नका. ते पुढे महिनोन्‌महिने पाय खात राहतं.

याशिवाय मल्टिमीटर, पाय कापायची बारीक कटर, वायर सोलायची पक्कड, सोल्डर उपसायचा पंप आणि बिट पुसायला ओला स्पंज किंवा पितळी जाळी. मल्टिमीटरशिवाय सुरुवात करू नका. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

आता सांधा. बिट एकाच वेळी भागाच्या पायाला आणि बोर्डावरच्या चकतीला (भोकाभोवतीच्या तांब्याच्या कड्याला) टेकवा. एक सेकंद थांबा. मग तार समोरच्या बाजूने सांध्याला लावा, बिटाला नाही. सांधा पुरेसा तापला असेल तर वितळलेलं सोल्डर पायाभोवती आपणहून ओढलं जातं. आधी तार काढा, मग बिट, आणि गोठेपर्यंत भाग हलू देऊ नका. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. चांगला सांधा तंबूसारखा दिसतो : खाली पसरलेला, वर पायाकडे निमुळता. चकतीवर मण्यासारखा गोळा बसला असेल तर सोल्डर नुसतं वर टेकलंय, खाली धरलेलं नाही. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. तो दिसायला ठीक असतो आणि पेडल हलवलं की आवाज जातो.

आधी बुटके भाग बसवा, मग उंच : रेझिस्टर, डायोड, चिपचा सॉकेट, छोटे कपॅसिटर, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, शेवटी वायरी आणि पॉट. उंच भाग आधी लावले तर बोर्ड उलटा केला की बुटके खाली सरकतात.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला किट हवं आहे. शिशाची भीती वाटते. द्यावं का?

उत्तर : जरूर द्या, पण शेजारी बसा. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. धूर येतो तो राळेचा. तो घशाला आणि डोळ्यांना त्रास देतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि छोटा पंखा धूर बाजूला ओढेल असा लावा. शिसं पोटात जातं ते हातांवरून. काम चालू असताना खाणंपिणं नाही, तार दातात धरायची नाही, उठल्यावर साबणाने हात धुवायचे. एवढं करूनही मन घेत नसेल तर बिनशिशाची तार आणा.

खरी काळजी घ्यायची ती डोळ्यांची. कापलेला पाय कटरमधून गोळीसारखा उडतो. चष्मा घालायला लावा आणि कापताना पायाचं सुटं टोक बोटाने धरायला शिकवा. नऊ व्होल्टचा झटका बसत नाही. भिंतीतल्या विजेवर चालणारा अॅडॉप्टर मात्र कोणीही उघडायचा नाही.

प्रश्न : पुस्तिकेत १० के रेझिस्टरचे पट्टे तपकिरी-काळा-नारिंगी-सोनेरी दिलेत. माझ्या पाकिटात असा एकही नाही. सगळे निळे आणि पाच पट्ट्यांचे आहेत.

उत्तर : पाकीट बरोबर आहे, पुस्तिका जुनी आहे. तुमचे रेझिस्टर १ टक्का अचूकतेचे आहेत. त्यांत तीन पट्टे आकड्यांचे, चौथा शून्यांचा, पाचवा अचूकतेचा. म्हणून १० के म्हणजे तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी. चौथा पट्टा तपकिरी असेल तर १ के, नारिंगी असेल तर १०० के, पिवळा असेल तर १ मेग.

निळ्या रंगावर तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्टे ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात. त्यात दोन्ही टोकांना तपकिरी पट्टा असला की कुठून वाचायचं तेही कळत नाही. तेव्हा पट्टे वाचण्याच्या भरीला न पडता प्रत्येक रेझिस्टर बोर्डात घालण्याआधी मीटरवर मोजा आणि कागदावर आकडा लिहून त्याखाली चिकटवा. बोर्डात बसल्यावर मोजलात तर शेजारच्या भागांमुळे आकडा कमी दिसतो.

कपॅसिटरवरचे आकडे पिकोफॅरॅडमध्ये असतात आणि तिसरा अंक शून्यांचा. १०४ म्हणजे १०० नॅनो, ४७३ म्हणजे ४७ नॅनो, १०२ म्हणजे १ नॅनो. १०० लिहिलेलं असेल तर ते १० पिको. हा एक हमखास फसवतो.

प्रश्न : किटमधला २एन५०८८ ट्रान्झिस्टर हरवला. त्याऐवजी बीसी५४९ लावला, बोर्डावरच्या आकृतीप्रमाणेच बसवला. आवाज येत नाही.

उत्तर : तुमची निवड योग्य आहे, पण पाय उलटे आहेत. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन५०८८चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात. बीसी५४९चे कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणजे सपाट बाजू आकृतीच्या विरुद्ध दिशेला करून बसवा. काढताना तिन्ही पाय एकदम ओढू नका. पंपाने एकेक भोक मोकळं करा, नाहीतर चकती निघून येईल.

प्रश्न : ओव्हरड्राइव्हचं किट पूर्ण केलं. स्विच दाबला की एलईडी लागतो, पण आवाज पूर्ण बंद होतो. स्विच परत दाबला की गिटारचा साधा आवाज व्यवस्थित येतो. चिप गेली असेल का?

उत्तर : असं लिहिणारी सर्वांत जास्त पत्रं आली, आणि जवळजवळ सगळ्यांचा संशय चिपवरच. चिप सहसा गेलेली नसते. सोल्डर, वायर किंवा उलटा बसलेला भाग, या तिघांपैकी एक गुन्हेगार असतो.

आधी लक्षणं नीट वाचू. साधा आवाज येतोय, म्हणजे दोन्ही जॅक, केबल आणि स्विचचा साध्या आवाजाचा मार्ग ठीक आहे. एलईडी लागतोय, यावरून मात्र फारसं काही कळत नाही. नऊ पायांच्या फुटस्विचमध्ये एलईडीला वेगळी रांग दिलेली असते. बोर्डावर एकही भाग नसला तरी तो लागेल. तेव्हा चूक बोर्डावर आहे, किंवा स्विचपासून बोर्डाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या दोन वायरींत.

पहिल्यांदा बॅटरी काढून भिंग आणि चांगला उजेड घ्या. इन आणि आउटच्या वायरींची अदलाबदल झालीय का? चिपची खाच आकृतीतल्या खाचेच्या बाजूला आहे का? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा ऋण बाजूचा असतो. बोर्डावर अधिकचं चिन्ह आहे त्या भोकात लांब पाय गेला पाहिजे. डायोडचा पट्टा छापील पट्ट्यावर हवा. शेजारच्या दोन सांध्यांना जोडणारा सोल्डरचा केसाएवढा धागाही पुरतो. बिनशिशाचे सांधे मुळातच मंद दिसतात, त्यामुळे चकाकीवरून नाही, आकारावरून ठरवा.

मग मीटर डीसी व्होल्टवर लावून बॅटरी जोडा, इनपुटला केबल घाला आणि काळी सुई ग्राउंडला धरा. ४५५८ किंवा टीएल०७२ अशी आठ पायांची दुहेरी चिप असेल तर खाचेच्या डावीकडचा पाय पहिला. तिथून खाली चौथ्यापर्यंत आणि मग उजवीकडून वर आठव्यापर्यंत मोजायचं. आठव्यावर ९ व्होल्टच्या जवळपास, चौथ्यावर शून्य, आणि उरलेल्या सहांवर साधारण ४.५ यायला हवेत. तिसऱ्या आणि पाचव्यावर मीटर थोडा कमी आकडा दाखवतो. मीटर स्वतःच थोडा भार टाकतो, त्याची चिंता नको. आठव्यावरच काही नसेल तर वीज पोचत नाही : ध्रुव उलटल्यास संरक्षण देणारा डायोड उलटा बसलाय का बघा. आठवा ठीक आणि बाकी सगळे शून्यावर असतील तर ९ व्होल्टचे दोन भाग करणाऱ्या सारख्या रेझिस्टरच्या जोडीपाशी जा. तिथे ड्राय सोल्डर असतो, किंवा त्यांच्या कडेचा कपॅसिटर शॉर्ट.

बूस्टरवाल्यांसाठी : ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साधारण ३ ते ६ व्होल्ट, आणि बेस एमिटरपेक्षा ०.६ने वर. कलेक्टरवर पूर्ण ९ आले तर ट्रान्झिस्टर चालूच होत नाहीये.

व्होल्ट बरोबर असूनही आवाज नसेल तर आवाजाच्या मागावर जायचं. गिटारची जुनी केबल घ्या. एक टोक अँपला. दुसऱ्या टोकाचा प्लग कापून आतली वायर आणि भोवतीची जाळी वेगळी करा. जाळी पेडलच्या ग्राउंडला चिमट्याने जोडा. आतल्या वायरीला १०० नॅनोचा कपॅसिटर सोल्डर करा. त्याचा मोकळा पाय ही झाली तुमची सुई. कपॅसिटर डीसी अडवतो, आवाज जाऊ देतो. अँपचा आवाज अगदी कमी ठेवा, कारण सुई टेकवताना धाड्‌कन आवाज येतो. पेडलच्या इनपुटला गिटार लावून कोणाला तरी सतत एक तार छेडत राहायला सांगा, किंवा फोनवरून गाणं सोडा. स्विच इफेक्टच्या बाजूला.

आता इनपुट जॅकच्या टोकाला सुई लावा : आवाज यायलाच हवा. मग स्विचच्या पायाला, बोर्डाच्या इन भोकाला, पहिल्या कपॅसिटरच्या अलीकडे, पलीकडे, चिपच्या तिसऱ्या पायाला, मग पहिल्या पायाला. इथे आवाज मोठा आणि फाटलेला झाला पाहिजे. पुढे टोनच्या पॉटपाशी, व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला, आउट भोकाला, स्विचला. जिथे आवाज तुटतो त्याच्या आणि आधीच्या ठिकाणाच्या मध्येच चूक. (काही सर्किटांत चिपचे दोन भाग उलट क्रमाने वापरलेले असतात, आकृतीवरची वाट धरा, पायांचे क्रमांक नाही.) हे फक्त ९ व्होल्टच्या पेडलवर करायचं. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये सुई घालायची नाही. तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही राहतात.

इतकं करूनही चिपच्या आत आवाज जातो, व्होल्ट बरोबर आहेत आणि बाहेर काहीच येत नाही, असं झालं तर मग चिप बदला. म्हणूनच ती सॉकेटमध्ये बसवायची असते.

प्रश्न : पेडल उघडं असताना झकास वाजतं. झाकण लावलं की बंद.

उत्तर : डब्यात काहीतरी टेकतंय. पहिला संशयित इनपुट जॅक : प्लग आत गेला की जॅकची पट्टी बाहेर ढकलली जाते आणि डब्याच्या भिंतीला किंवा बोर्डाला लागते. जॅक थोडा फिरवून घट्ट करा. दुसरा, पॉटची धातूची पाठ, जी बोर्डाच्या खालच्या पायांना टेकते. मधे जाड प्लास्टिकचा तुकडा किंवा फोमची पट्टी ठेवा. तिसरा, न कापलेले लांब पाय. झाकणाला आतून मास्किंग टेप लावा, झाकण बसवून काढा, टेपवर बोच पडलेली दिसेल तिथला पाय कापा.

झाकण नुसतं दाबलं की आवाज जातो-येतो असं असेल तर मात्र शॉर्ट नाही, तुटकी वायर किंवा ड्राय सोल्डर आहे. लाकडी काडीने एकेक वायर हलवून बघा.

प्रश्न : बॅटरीवर पेडल शांत असतं, अॅडॉप्टरवर बारीक शीळ येते. आणि बॅटरी एका रात्रीत संपते.

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. शीळ अॅडॉप्टरमधून येते, त्यातही तो इतर पेडलांबरोबर वाटून घेतलेला असला तर जास्त. पेडलसाठीचा, ९ व्होल्ट डीसी, मधली पिन ऋण असलेला अॅडॉप्टर एकट्या या पेडलला लावून बघा. तरीही राहिली तर धन वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्या बोर्डाकडच्या टोकापासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरॅडचा, १६ किंवा २५ व्होल्टचा कपॅसिटर जोडा. बहुतेक शीळ तिथेच जिरते. जाडसर घूं असा आवाज असेल तर आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घूं थांबला तर तो पिकअपचा (गिटारच्या तारांखालच्या चुंबकी भागाचा) आहे, पेडल त्याला फक्त मोठं करतंय.

बॅटरीचं गणित असं : ९ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात. साधं ओव्हरड्राइव्ह ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतं, म्हणजे केबल विसरली तरी ती शंभर तास टिकायला हवी. एका रात्रीत संपते याचा अर्थ चाळीस-पन्नास मिलिअँपिअर कुठेतरी वाहून जातायत. मीटर करंटवर लावून बॅटरीच्या वायरीत मधे जोडा. केबल काढल्यावर शून्य यायला हवं. येत नसेल तर बॅटरीची ऋण वायर इनपुटच्या स्टिरिओ जॅकच्या रिंगऐवजी ग्राउंडच्या पायाला गेली आहे. केबल घातल्यावर आकडा फार मोठा येत असेल तर उलटा बसलेला इलेक्ट्रोलिटिक शोधा. तो बहुधा कोमट लागेल. बोट लावून बघा.

प्रश्न : स्विच दाबताना अँपमधून ठक्‌ आवाज येतो.

उत्तर : इनपुटला आणि आउटपुटला ग्राउंडपर्यंत १ मेगचा रेझिस्टर आहे का पाहा; नसेल तर लावा. कपॅसिटरवर साठलेला भार स्विच दाबताक्षणी एकदम सुटतो, त्याला हळूहळू जायला वाट मिळते. पेडल चालू केल्यावर पहिल्या एक-दोन वेळा ठक्‌ आलं तर ते चालायचंच.

प्रश्न : निळा एलईडी डोळ्यांत खुपतो.

उत्तर : त्याच्या मालिकेतला रेझिस्टर ४.७ के असेल, तो काढून २२ के लावा. तरी खुपला तर ४७ के.